जुनं, पण कुणी न ऐकलेलं

हॅकाकांना कुठलीही गोष्ट दाखवा, ते आधी त्या गोष्टीकडे बघत, मग दाखवणाऱ्याकडे बघत, आणि मग नाक आणि घसा दोन्ही एकदम वापरून एक आवाज काढत. हॅ. शेजारणीने नवी खुर्ची घेतली, हॅ. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, हॅ. डॉक्टर म्हणाले की या वयात इतका उत्तम रक्तदाब आम्ही बघितला नाही, तर डॉक्टरांनाही तेच उत्तर मिळालं. त्यांचं खरं नाव टपालवाल्याला ठाऊक असेल तर असेल. बाकी सगळी गल्ली त्यांना हॅकाकाच म्हणायची, आणि त्यांच्या तोंडावर म्हणायची, कारण मागे म्हणण्याइतकी भीड त्यांनी कुणाच्या मनात ठेवली नव्हती.

इतकी तुच्छता बाळगायची तर माणसाजवळ काहीतरी मोठं असावं असा आपला एक समज असतो. हॅकाकांजवळ एक बाजा होता.

बाजा म्हणजे कपाटाएवढा लाकडी खोका. त्याच्या पोटात दोन भाते, समोर लहानमोठ्या नळ्यांची रांग, एका अंगाला ढोल, दुसऱ्या अंगाला घंट्या, आणि मधोमध लाल कोटातला हातभर उंचीचा लाकडी बँडमास्तर. ठेका आला की हा मास्तर हातातली काडी खाली-वर करी. मागच्या बाजूला चाक होतं. ते फिरवलं की भात्यांत हवा भरे आणि जाड पुठ्ठ्याचं, घड्या घातलेलं एक लांबलचक पुस्तक पट्टीखालून सरकू लागे. पुठ्ठ्याला जागोजागी भोकं पाडलेली. भोक आलं की पट्टीतलं लोखंडी बोट वर उठे, त्या बोटाच्या नळीत हवा शिरे आणि नळी बोलू लागे. थोडक्यात सगळं संगीत भोकांमध्ये होतं, आणि हॅकाकांचं काम चाक फिरवायचं होतं. हे शेवटचं वाक्य त्यांच्यासमोर बोलायची प्राज्ञा नव्हती कुणाची.

जन्मभर त्यांनी हे चाक बागेतल्या फिरत्या घोड्यांशेजारी उभं राहून फिरवलं. पोरं घोड्यांवर बसून किंचाळत, आयाबाया टाळ्या वाजवत, आणि हॅकाका त्या सगळ्यांकडे पाठ करून चाक फिरवत. गाढवापुढे वाचली गीता, असं ते घरी येऊन बायकोला सांगत. पुढे बागवाल्यांनी खांबावर कर्णा बसवला. बाजा घरी आला आणि पुढच्या खोलीत ठाण मांडून बसला. तेव्हापासून त्या घरात सगळे आडवे होऊन चालतात. दारातून आत यायचं तर आधी पोट आत घ्यावं लागतं, आणि पाहुण्याला पाणी द्यायचं तर ढोलावरून हात लांब करून द्यावं लागतं.

या धंद्यात एकच पाप होतं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या कडेला तांबडा रंग लावलेला असे. ती कड पुढे घालायची. चुकून दुसरं टोक घातलं तर चाल शेवटाकडून सुरू होई, आणि खाली डोकं वर पाय होऊन वाजे. बारीक सुरांच्या जागी जाडे, जाड्यांच्या जागी बारीक, आणि जिथे सुरावट हवी तिथे ढोल. ज्या म्हाताऱ्याकडे हॅकाका हे काम शिकले, त्याने एवढ्याच चुकीसाठी स्वतःच्या सख्ख्या साडूला ऐन हंगामात घरी पाठवलं होतं. बाजेवाल्यांमध्ये आईबहिणीवरून शिवी दिली तरी लोक हसून सोडून देत, पण 'उलट्या पुस्तकाचा' म्हटलं की मारामारी होई. हॅकाकांच्या हातून हे पाप कधी घडलं नव्हतं, आणि हे ते इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, निदान एकदा घडायला हवं होतं.

त्यांना एक लेक होती. लहानपणी ती चित्रं काढायची. ती हॅकाकांनी बघितली आणि प्रत्येकाखाली माणूस कुठला नि गाय कुठली ते लिहून ठेवायला सांगितलं. मग ती व्हायोलिन शिकायला लागली. त्यावर त्यांनी शेजाऱ्यांच्या मांजराची चौकशी केली. तिने व्हायोलिन परत केलं. नोकरी लागली, दोन गल्ल्या सोडून खोली घेतली, आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम ती इतकं चांगलं करू लागली की लांबलांबचे लोक तिच्याकडून भिंग करून घ्यायला येत. हॅकाकांनी तिच्याकडून चष्मा करून घेतला नाही. त्यांचं म्हणणं असं की बघण्यासारखं काही उरलेलंच नाही.

ही लेक एका रविवारी दुपारी आली ती डोक्यावर टोपी घालून. टोपी उंच आणि काळी, तिच्यावर पितळी दातेरी चाकं चिकटवलेली, आणि कपाळावर चामड्याच्या पट्ट्याचा जाडजूड गोल काचांचा चष्मा. तो तिने स्वतः केला होता. हॅकाकांनी टोपीवरच्या मोठ्या चाकावर बोट ठेवलं.

"हे काय फिरवतं?"

"काही नाही. शोभेचं आहे."

"हॅ."

तिने टोपी काढून ढोलावर ठेवली, आणि ढोलावरून उचलून मांडीवर घेतली, कारण बाबांनी तिकडे बघितलं होतं. मग तिने शांतपणे सांगितलं. आमची एक मंडळी आहे. आम्ही असं समजतो की वीज आलीच नाही. जग वाफेवरच राहिलं आणि वाफेवरच पुढे गेलं. वाफेची विमानं, वाफेची घड्याळं, पितळेचे हातपाय. त्या जगात माणसं कशी राहिली असती, तसे कपडे आणि तसं सामान आम्ही बनवतो. याला स्टीमपंक म्हणतात.

"आणि घरी गेल्यावर पंखा लावता," हॅकाका म्हणाले.

"लावतो."

"मग ठीक आहे. मला वाटलं, खरंच वेड लागलं."

इथवरचं ऐकून घ्यायचं हे ती घरून ठरवूनच आली होती. पुढचं मात्र तिला जड गेलं. ती म्हणाली की मंडळीचा मोठा मेळावा आहे, त्यात सगळे आपापले पोशाख घालून मिरवत येतात, आणि त्या मिरवणुकीचं संगीत या वेळी तिने शोधायचं आहे. तिने मागून घेतलंय ते काम. आता सापडत नाही. बाबांनी मदत करावी.

लहानपणानंतर लेकीने हॅकाकांकडे काही मागितल्याची ही पहिलीच खेप. दुसरा कुणी बाप असता तर त्याला भरून आलं असतं. हॅकाकांनी भात्याची दोरी तपासली.

"कसलं संगीत पाहिजे तुमच्या त्या वाफेवाल्यांना?"

"तेच सांगता येत नाही. जुनं असायला हवं, पण कुणी कधी ऐकलेलं नसायला हवं. जो काळ झालाच नाही, त्या काळातलं."

"जुनं, आणि न ऐकलेलं. म्हणजे शिळं आणि ताजं एकाच ताटात."

"हो," ती म्हणाली. "तसंच."

मग पुढचे काही रविवार ती येत राहिली. तिने जमवलेली गाणी ती फोनवर लावी आणि हॅकाका डोळे मिटून ऐकत. डोळे मिटले म्हणजे ते एकाग्र होत असा गैरसमज नको, ते वाक्य जुळवत असत. एका गाण्यात व्हायोलिन होतं आणि मागे लोखंड बडवल्यासारखे ठोके. "हा लोहाराकडे भाड्याने राहतो वाटतं," हॅकाका म्हणाले. दुसऱ्यात पितळी वाद्यं होती. "वरातीचा पत्ता हरवलेला बँड." तिसरं संगणकावर केलेलं होतं, पण त्याच्यात जुन्या तबकडीची खरखर मुद्दाम मिसळली होती. त्यावर मात्र ते उठून बसले. "मुद्दाम? अगं, आमचा जन्म गेला खरखर काढण्यात, आणि हे ती विकत घेऊन घालतात?"

गंमत अशी की तिलाही ती गाणी पटत नव्हती. लोहारवाल्यात नुसता गोंगाट आहे, पितळवालं सगळं आधी ऐकलेलं वाटतं, आणि खरखरवालं म्हणजे नव्या कापडाला चहाचा डाग पाडून जुनं म्हणायचं, असं ती स्वतःच म्हणाली. बापलेकीचं एका गोष्टीवर एकमत होत होतं. एखाद्या शहाण्या माणसाने तेवढा धागा धरून ठेवला असता.

एकदा हॅकाकांनी, आता खरं संगीत म्हणजे काय ते दाखवतो, असं म्हणून आपली पुस्तकं काढली. लष्करी चाल वाजवली, नाचाची चाल वाजवली, आणि शेवटी घोड्यांची चाल वाजवली, जिच्यावर गावातलं प्रत्येक पोर कधी ना कधी गोल फिरलेलं होतं. लेकीने मन लावून ऐकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण बाबा, हे सगळ्यांना पाठ आहे. हे लागलं की मला बागच दिसते. हातावरून आइस्क्रीम ओघळतंय असं वाटतं."

"आइस्क्रीम," हॅकाका म्हणाले. "जन्मभर वाजवलं, आणि घरच्या लेकीला आठवलं काय, तर आइस्क्रीम. तुझ्या त्या टोपीत डोकं असतं तर बरं झालं असतं."

तिने टोपी घेतली, आडवी होऊन खोलीतून बाहेर पडली, आणि स्वयंपाकघरात आईशी थोडा वेळ बोलून मागच्या दाराने गेली. बायको बाहेर आली ती हात पुसतच.

"ती काय म्हणाली ऐकायचंय?"

"रडली असेल."

"नाही रडली. म्हणाली, आई, हे शेवटचं. मेळावा झाला की बाबांकडे काही मागणार नाही आणि या घरात पायही टाकणार नाही. तुला भेटावंसं वाटलं तर तू माझ्याकडे येत जा." बायको थांबली. "आणि मी जाईन. सांगून ठेवते. मी रोज जाईन."

हॅकाकांनी आवाज काढला, पण त्यात हवा कमी होती. त्या दिवशी ते जेवताना भाजीला नाव ठेवायचं विसरले.

ते घाबरले होते. पण काही माणसांची भीतीसुद्धा भीती म्हणून बाहेर पडत नाही, खुन्नस होऊन बाहेर पडते. त्यांनी विचार केला तो असा. पोर बिघडली ती या वाफेवाल्यांमुळे. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे तिच्या डोळ्यांदेखत सिद्ध केलं की ती आपोआप भानावर येईल आणि घरी येईल. ते कसं सिद्ध करायचं तेही त्यांना लगेच सुचलं. बाजा मेळाव्यात न्यायचा. घोड्यांचीच चाल लावायची, पण पुस्तक उलटं घालायचं. टोपीवाले सगळे माना डोलावतील, वाहवा म्हणतील, आणि मग बाजावर हात ठेवून सांगायचं, मंडळी, हे उलटं होतं. जन्मात न केलेलं पाप ते लेकीच्या भल्यासाठी करायला निघाले होते. दुसऱ्याला तोंडघशी पाडायचं असलं की माणसाला असं एखादं उदात्त कारण हटकून सापडतं.

त्यांनी निरोप धाडला, बाजा घेऊन येतो. लेकीने उलट काही विचारलं नाही.

मेळावा शाळेच्या व्यायामशाळेत होता. भिंतींना चढायच्या फळ्या, कोपऱ्यात रबरी गाद्यांची थप्पी, वर बास्केटबॉलची रिंग, आणि खाली वाफेचं साम्राज्य. एका बाईच्या पाठीवर कापडी पंख होते आणि त्यामुळे तिला बसता येत नव्हतं. एकाने छातीवर घड्याळ शिवलं होतं, ते बंद होतं. मंडळीचा पुढारी दातांच्या कवळ्या बनवणारा एक उंच माणूस होता. त्याचा एक हात पितळी पत्र्यात गुंडाळलेला, त्यामुळे तो डाव्या हाताने नमस्कार करत होता. हॅकाकांनी सगळ्यांना डोळे भरून बघितलं. इतकी सामग्री एका जागी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

कवळीवाला म्हणाला, "तुमच्या मुलीने फार खटपट केली. नाहीच जमलं तर माझ्याकडे स्पीकर आहे, काहीतरी लावू."

"जमलंय," हॅकाका म्हणाले.

लेक रांगेच्या शेवटी उभी होती, चष्मा डोळ्यांवर ओढलेला. हॅकाकांनी घोड्यांचं पुस्तक काढलं. तांबडी कड हाताशी आली, आणि सवयीने ती पट्टीपाशी गेलीही होती, खोटं कशाला सांगा. मग त्यांनी पुस्तक फिरवलं, दुसरं टोक पट्टीखाली घातलं आणि चाक फिरवलं.

आधी शेवटचा दणका आला. कुठल्याही चालीत जो दणका झाल्यावर लोक उठून जायला लागतात, तो इथे पहिल्यांदाच आला, आणि त्यानंतर जाड्या नळ्या बोलू लागल्या. ज्यांनी जन्मभर मागे उभं राहून हूं हूं केलं, त्या नळ्या आता पुढे येऊन काहीतरी सांगत होत्या, अवजडपणे, आठवून आठवून. त्यांच्या डोक्यावर बारक्या नळ्या थेंब पडल्यासारखा ठेका धरत होत्या. ढोल बराच वेळ गप्प बसे आणि भलत्याच जागी एकदम तीनदा वाजे. घंट्यांनी तर ताळतंत्र सोडलं होतं. आणि लाल कोटातला बँडमास्तर काडी अशी हलवत होता की समोरच्या बाजाशी त्याचा काही संबंध नाही, दुसरीकडेच कुठेतरी एक बँड उभा आहे आणि तो याचं ऐकतोय.

हॅकाकांच्या कानांना ती घाण वाटली. शेवटपर्यंत घाणच वाटली. त्यांनी दात दाबून चाक फिरवलं आणि माना डोलायची वाट बघितली.

माना डोलल्या नाहीत. गप्पा बंद झाल्या. पंखवाली बाई वळली. कवळीवाल्याने स्पीकरची वायर हातात धरली होती, ती त्याने खाली ठेवली. मग रांग हलली. त्या लंगड्या ठेक्यावर एक लांब आणि एक आखूड असं पाऊल त्यांना आपोआप सापडलं, आणि ती खुळी माणसं, ती पितळ चिकटवलेली, बंद घड्याळांची माणसं, अशी चालत आली की जणू ती नेहमी अशीच चालत कामावर जातात. कुणी हसत नव्हतं. त्या चालीवर ही सगळी कधी ना कधी घोड्यावर बसली होती, आणि एकालाही ती ओळखता येत नव्हती.

पुस्तक संपलं. टाळ्या पडल्या त्या उशिरा पडल्या, पण थांबेनात. हॅकाकांनी घाम पुसला, एक हात बाजावर ठेवला आणि घसा साफ केला.

"मंडळी," ते म्हणाले.

तोवर लेक रांग मोडून त्यांच्यापर्यंत आली होती. तिने चष्मा कपाळावर ढकलला. डोळे लाल झाले होते आणि चष्म्याच्या कडेचे गोल वळ गालांवर उठले होते.

"उलटं लावलंत," ती हळू आवाजात म्हणाली.

हॅकाकांचा हात बाजावरून खाली आला. "तुला कळलं?"

"पहिल्या दणक्याला. तुमच्या घरात वाढलेय मी."

"मग?"

"मग काय. घोड्यांचं आहे, म्हणजे जुनं आहे. आणि हे असं कुणी ऐकलेलंच नाही. मी म्हटलं होतं ना, तसंच आहे अगदी. मला वाटायचं, तुम्ही ऐकतच नाही. तुम्ही ऐकलं होतंत." तिने पुस्तकावर हात ठेवला. "आणि त्यासाठी उलटं घातलंत. तुम्ही, बाबा. तुम्ही कुणासाठी असं कराल, असं मला वाटलं नव्हतं. माझ्यासाठीच केलंत ना?"

टाळ्या अजून चालू होत्या. हॅकाकांनी तिच्याकडे बघितलं. जुळवून आणलेलं भाषण जिभेवर तयार होतं, आणि फसलेल्या माणसाला सोडायची त्यांची सवय नव्हती. फसणाऱ्यांबद्दल त्यांच्याकडे एक खास हॅ होता, बाकीच्यांपेक्षा लांब. पण समोर फसली होती ती मूर्ख नव्हती. सगळ्या व्यायामशाळेत तिला एकटीला पुस्तक उलटं आहे हे कळलं होतं. तिला फक्त आपला बाप कळला नव्हता, आणि तोही तिने चांगला समजला म्हणून. हॅकाकांना लाज वाटली. इतकी वाटली की बाजामागे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"हो," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच."

त्यांच्या तोंडून लेकीसाठी निघालेला हा पहिला गोड शब्द, आणि तोही खोटा.

आता ती दर रविवारी येते. घरात पाय टाकणार नाही म्हणालेली पोरगी दारातून आडवी होऊन आत येते, पुस्तकं काढते, एकेक उलटं घालून वाजवून बघते. यातलं कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट ते हॅकाकांना कळत नाही. त्यांना सगळंच सारखं घाण लागतं. म्हणून ते चाक फिरवतात आणि पुस्तक संपलं की विचारतात, "हे बरं आहे का?" ती सांगते, हे पोकळ आहे, हे नको. किंवा सांगते, हे ठेवा, याच्यात मधे फार सुंदर जागा आहे. ते बरं म्हणतात. बायको स्वयंपाकघरातून हे ऐकते आणि भांडी जरा सावकाश ठेवते.

एवढ्यावर भागलं असतं तर हॅकाका स्वस्तात सुटले असते. पण लेकीला ती गोष्ट सांगायला फार आवडते. वाफेवाल्यांचे पाहुणे येतात, दुसऱ्या गावच्या मंडळ्या बाजा ऐकायला येतात, आणि ती प्रत्येकाला बाजाशेजारी उभं करून पहिल्यापासून सांगते. उलटं पुस्तक म्हणजे बाजेवाल्यांत केवढी नामुष्की, ते सांगते. माझ्या बाबांच्या हातून ती चूक जन्मात झाली नव्हती, ते सांगते. आणि मग सांगते की मी काय शोधतेय ते एकट्या बाबांना कळलं, आणि त्यांनी ते माझ्यासाठी केलं. मोठ्या माणसासारखी नव्हे, शाळेत बापाबद्दल निबंध लिहिलेल्या पोरीसारखी सांगते. पाहुणे हॅकाकांकडे आदराने बघतात. एखादी बाई डोळे टिपते.

अशा मूर्खांना आयुष्यभर जे उत्तर दिलं, ते आता देता येत नाही. हॅकाका खाली बघतात, मान हलवतात, आणि तिचं सांगून व्हायची वाट न बघता चाक फिरवायला घेतात.